पोरं सांभाळायला काय शिकायचं असतं?

‘पोरं सांभाळायला काय शिकायचं असतं? आपण सगळे कधीतरी पोरंच होतो की!’ आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी हे वाक्य टाकले आणि सारी बैठक हसली. मीही हसले. विषय होता मंडळाच्या बालविभागात काम करणाऱ्या मोठ्या माणसांना काही शिक्षण द्यावे की नाही, हा. त्या हशात तो विषय वाहून गेला आणि बैठक मंडपाच्या खर्चाकडे वळली. या गोष्टीला वर्ष होऊन गेले. मधल्या काळात असे काही घडले की ते हसणे मला अजून टोचते. म्हणून हा लेख.

बेळगावात गल्ली तिथे मंडळ. गणेशोत्सव, शिवजयंतीचे चित्ररथ, दिवाळीतले मातीचे किल्ले ही कामे मंडळे उत्साहाने करतातच. पण काही मंडळांत वर्षभर चालणारा बालविभागही असतो. आमच्याकडे दर रविवारी सकाळी आठ ते चौदा वयाची तीस-पस्तीस मुले-मुली जमतात. कवायत, खेळ, लेझीम, थोडी गाणी, कधी एखादी सहल. मुलींची लेझीम माझ्याकडे असते. बाकी सगळा भार दादांवर. दादा चाळिशीचे गृहस्थ. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत नोकरी करतात. आठवड्याची एकच सुट्टी, तीही ते मुलांना देतात. घरचे रागावतात, मंडळ कौतुक करत नाही, तरी येतात. अशी माणसे आज किती उरली आहेत?

गेल्या हिवाळ्यात आम्ही मुलांना राजहंसगडावर नेले. चौतीस मुले आणि आम्ही तिघे मोठे. पहाटे निघालो. गडावर पोहोचून डबे सोडायच्या तयारीत होतो, तेवढ्यात बारा वर्षांचा एक मुलगा उभ्याचा कोसळला. हातपाय ताठ, डोळे वर, तोंडाला फेस. क्षणभर कुणाला काही सुचेना. मग सगळ्यांना एकदमच सगळे सुचले. एकाने नाकाला चप्पल लावली. दोघांनी हात दाबले, एकाने पाय. ‘जीभ चावंल तो, दातात काय तरी घाला की!’ असे कुणीतरी ओरडले. डब्यातला चमचा काढून दिला तो मीच. दादांनी तो त्याच्या दातांत घातला.

दोन-तीन मिनिटांत झटका आपोआप थांबला. तो थांबला तो आमच्या उपायांनी नव्हे, थांबायचाच होता म्हणून. आमच्या उपायांनी एवढेच झाले की, पोराचा पुढचा दात तुटला आणि ओठ फाटला.

संध्याकाळी आम्ही त्याला घरी पोहोचवले. घर कानडी बोलणारे. दादांना कानडी समजते, पण धडपणे बोलता येत नाही. म्हणून बोलायचे काम माझ्याकडे आले. दारात त्याच्या आईने विचारले, ‘एनात री?’ मी काय झाले ते सांगितले. तिने मुलाचे तोंड पाहिले, खाली बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली की, त्याला हा त्रास लहानपणापासून आहे, गोळी चालू आहे, पहाटेच्या गडबडीत ती राहून गेली. मी विचारले, ‘मग आधी सांगितलं का नाही?’ ती म्हणाली, ‘नीवु केळलिल्ल, नावु हेळलिल्ल.’ तुम्ही विचारले नाही, आम्ही सांगितले नाही.

पुढे मला कळले की, झटका आलेल्या माणसाच्या दातांत काही घालायचे नसते. त्याला दाबून धरायचे नसते. चप्पल आणि कांदा यांचा काही उपयोग नसतो. करायचे ते फार थोडे असते: आसपासचे दगड-धोंडे, टोकदार वस्तू दूर सारायच्या, डोक्याखाली काही मऊ द्यायचे, घड्याळ पाहायचे, झटका ओसरला की कुशीवर वळवायचे आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसायचे. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन करायचा. एवढेच. हे शिकायला किती वेळ लागतो? वाचकाला आत्ता वाचायला लागला तेवढा.

तो मुलगा त्यानंतर मंडळात आला नाही. त्याहून वाईट म्हणजे दादाही यायचे थांबले. त्यांना कुणी बोल लावला नव्हता. ते स्वतःच म्हणाले, ‘माझ्या हातनं पोराचं काय बरंवाईट झालं असतं तर?’ एका रविवारी आम्ही एक मूल गमावले आणि त्याच्यासाठी धडपडणारा माणूसही गमावला.

दोष कुणाचा? दादांचा नाही असे मी ठामपणे म्हणते. दादा ज्या फौंड्रीत काम करतात, तिथे भट्टीजवळ उभे राहण्याआधी त्यांना कितीतरी महिने शिकाऊ म्हणून काढावे लागले. हातमोजे कोणते, पाऊल कुठे ठेवायचे, ओतताना कोण कुठे उभा राहील, हे सारे त्यांना कुणीतरी शिकवले. लोखंडाजवळ जायला शिक्षण लागते. मुलांजवळ जायला मात्र एका तासाचेही लागत नाही. मंडळाने त्यांना एक शिट्टी दिली आणि ‘तुम्ही बघा’ म्हटले. ‘तुम्ही बघा’ हे आपल्या सार्वजनिक जीवनातले सर्वांत स्वस्त प्रशिक्षण आहे आणि त्याची किंमत नेहमी दुसराच कुणीतरी मोजतो.

कुणी म्हणेल, ही स्वयंसेवकांना शिकवण्याची कल्पना परदेशी आहे. तसे म्हणणाऱ्याने आपल्याच गावाचा इतिहास आठवावा. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष होते असे ते एकमेव अधिवेशन. त्याची आठवण म्हणून टिळकवाडीतली काँग्रेस विहीर आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. पण त्या अधिवेशनाची व्यवस्था पाहणारे स्वयंसेवक कुठून आले, हे आपण सांगत नाही. त्यांना तयार केले होते डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकरांनी. धारवाडात १८८९ साली जन्मलेले, अमेरिकेत शिकून आलेले हे डॉक्टर. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात तुरुंगाचा जाच सोसेना म्हणून अनेकांनी माफी लिहून दिली. हर्डीकरांच्या हुबळीच्या पथकाने दिली नाही. त्यातून जी गोष्ट पुढाऱ्यांच्या ध्यानात आली ती अशी की, उत्साह सर्वांपाशी होता, तयारी मात्र थोड्यांपाशी होती. त्याच वर्षाअखेर काकिनाड्याला हिंदुस्थानी सेवा दलाची कल्पना मान्य झाली आणि पुढच्याच वर्षी बेळगावात तिची कसोटी लागली. महिला स्वयंसेविकांचे पथक उमाबाई कुंदापुर यांनी उभे केले. शंभर वर्षांपूर्वी, देश पारतंत्र्यात असताना, पैसा नसताना, या लोकांना स्वयंसेवक शिकवण्याची गरज वाटली. आपल्याला ती वाटत नाही, कारण आपल्यापाशी ध्वनिवर्धक आहेत!

बालवीर चळवळीचा अनुभवही हेच सांगतो. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचे शिबिर घेतले, पुढच्या वर्षी पुस्तक लिहिले आणि ठिकठिकाणी मुलांनी आपणहून पथके काढली. मुले तयार होती; कमी पडली ती मोठी माणसे. म्हणून १९१९ साली गिलवेल पार्क येथे पथकप्रमुखांसाठी वर्ग सुरू झाले. त्या वर्गात मोठ्या माणसांना मुलांसारखे तंबूत राहावे लागे, चूल पेटवावी लागे, गटनायकाचे ऐकावे लागे. भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये आजही प्राथमिक वर्ग, प्रगत वर्ग आणि मग ‘हिमालय वुड बॅज’ अशा पायऱ्या आहेत. मध्य प्रदेशात पचमढीला त्यांचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. आपल्याकडे १९४१ साली एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली, तेव्हाही शाखांच्या बरोबरीने शिबिरांना महत्त्व होते. या संस्थांचे विचार वेगळे, गणवेश वेगळे. पण मुलांपुढे उभे राहणाऱ्याने आधी स्वतः शिकले पाहिजे, याबद्दल त्यांच्यात मतभेद नाही.

तर मग शिकवायचे काय? प्रथमोपचार हे पहिले, हे मी वर दाताच्या किमतीवर सांगितलेच. झटका, भोवळ, रक्तस्राव, उन्हाचा त्रास, साप चावणे. सापाच्या दंशावर ब्लेडने कापणारे आणि करकचून दोरी बांधणारे शहाणे अजून आपल्यात आहेत. तो अवयव हलू न देता, वेळ न दवडता इस्पितळ गाठायचे, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

दुसरी गोष्ट कागदाची. मूल मंडळात आले की एक साधा फॉर्म भरून घ्यावा: पालकांचा फोन, आजार, चालू औषध, कशाने त्रास होतो, घरी न्यायला कोण येणार. सहलीला निघताना, बसमध्ये चढताना, उतरताना मुलांची मोजदाद. या गोष्टी हास्यास्पद वाटतात त्या चौतिसांपैकी एक कमी भरेपर्यंतच.

तिसरी गोष्ट सांगताना मी माझ्या शाखेचा आधार घेते. हिशेबतपासणीत आम्हाला ‘अंतर्गत नियंत्रण’ शिकवतात. रोकड घेणारा आणि खातेवही लिहिणारा एकच माणूस असू नये. हा नियम रोखपालाला चोर समजून केलेला नसतो. प्रामाणिक रोखपालालाच त्याचे सर्वांत जास्त संरक्षण असते. मुलांच्या बाबतीतही तसाच नियम हवा: एक मोठा माणूस आणि एक मूल बंद खोलीत, एकांतात कधीही असू नयेत, निदान दोन मोठी माणसे असावीत. हा विषय आपल्या बैठकांत निघत नाही. निघालाच तर ‘आपल्यात असलं काही नसतं’ म्हणून मिटवतात. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा २०१२ साली झाला. असा प्रकार घडल्याचे समजूनही पोलिसांना न कळवणे हा त्या कायद्याने अपराध ठरतो. हा नियम संस्थेच्या मोठ्या अधिकाऱ्याला आहे तसाच गल्लीतल्या दादा-ताईलाही आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? मी आमच्या मंडळात विचारले. कुणालाच नव्हता. मलाही आदल्याच आठवड्यात कळला होता.

चौथी गोष्ट शिस्तीची. मुले ऐकत नाहीत तेव्हा आपण ओरडतो, मग कान धरतो, मग चारचौघांत लाज काढतो. आपल्यावर असेच झाले म्हणून आपण तेच करतो. याला पर्याय आहे, तो जुना आहे आणि कुणालाही शिकता येतो: मोठ्या जमावाचे सहा-सात जणांचे गट करायचे, प्रत्येक गटाला त्यांच्यातलाच नायक आणि प्रत्येक नायकाला खरे काम द्यायचे. हजेरी त्याची, साहित्य त्याचे, भांडण आधी त्याच्याकडे. मग मोठ्या माणसाला पस्तीस मुले सांभाळावी लागत नाहीत, पाच नायक सांभाळावे लागतात. मी लेझमीच्या मुलींत हे करून पाहिले. पहिले दोन रविवार गोंधळ झाला. तिसऱ्या रविवारी मी दहा मिनिटे उशिरा पोहोचले, तर लेझीम सुरू झालेली होती. मला आनंद झाला आणि थोडे वाईटही वाटले, हे कबूल करते.

आणखी दोन गोष्टी खास आपल्या गावाच्या. आपल्याकडे एकाच मैदानावर मराठी, कानडी, उर्दू, कोंकणी बोलणारी मुले खेळतात. मुलांचे त्यावाचून काही अडत नाही. ती अर्ध्या तासात एकमेकांच्या शिव्यासुद्धा शिकतात. अडते ते मोठ्यांचे. ‘पाणी प्यालास का?’, ‘कुठे दुखते?’, ‘घाबरू नकोस’, ‘आईचा नंबर सांग’ अशी वीस वाक्ये दोन्ही भाषांत येणे हा कार्यकर्त्याच्या शिक्षणाचा भाग असावा. भाषेच्या वादावर ज्याचे जे मत असेल ते असो. दुखणाऱ्या पोटाला मत नसते. दुसरी गोष्ट मुलींची. आमच्या लेझमीत दहा वर्षांच्या मुली भरपूर, चौदाच्या जवळजवळ नाहीत. आया म्हणतात, ‘तिथं सगळे पुरुषच की.’ याला मुलींना समजावणे हा उपाय नाही. मोठ्या बायकांना कार्यकर्त्या म्हणून बोलावणे आणि त्यांना आत्मविश्वास येईल इतके शिकवणे हा उपाय आहे.

आता आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप असा: आधीच माणसे मिळत नाहीत, त्यात वर्गाला बसवले तर आहेत तीही पळतील. माझा अनुभव उलटा आहे. दादा पळाले ते शिकवल्यामुळे नव्हे, न शिकवल्यामुळे. काय करायचे हे ठाऊक नसलेला माणूस भीतीनेच दूर राहतो. दुसरा आक्षेप असा: आमच्या वेळी कुणी शिकवले होते? खरे आहे. पण त्या वेळी तुटलेल्या दातांची नोंद कुणी ठेवली होती? तिसरा आक्षेप मात्र मला मान्य करावा लागतो. प्रशिक्षण म्हटले की पाटी, फीत, हार, तीन भाषणे, चहा आणि प्रमाणपत्र एवढेच डोळ्यांपुढे येते. तसले प्रशिक्षण नसलेलेच बरे. शिवाय काही माणसे न शिकताही मुलांची होतात. आमच्या गल्लीत एक गवंडीकाका होते, त्यांनी कधी कुठला वर्ग केला नाही. पण रुसलेल्या पोराशेजारी ते न बोलता नुसते बसत आणि पोर आपोआप उठून खेळायला जाई. ही माया शिकवता येत नाही. पण तीच माया असलेल्या माणसाला चमचा दातांत घालू नये हे शिकवता येते. मायेची जागा शिक्षणाने घ्यावी असे कुणी म्हणत नाही. मायेच्या हातून चूक होऊ नये एवढेच म्हणणे आहे.

वाणिज्यशाखेत ‘गुडविल’ नावाची मालमत्ता आम्ही शिकतो. ती दिसत नाही, पण धंद्याची किंमत वाढवते; आणि एका वाईट घटनेने शून्यावर येते. मंडळांची सारी मालमत्ता हीच आहे. आईबाप आपले मूल रविवारी सकाळी पाठवतात ते पावती घेऊन नव्हे, विश्वासावर. हिशेबाच्या नियमाने प्रशिक्षणावरची रक्कम त्याच वर्षीच्या खर्चात जाते, ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसत नाही. निदान या एका बाबतीत तरी आमचे शास्त्र तोकडे आहे असे मला वाटते.

म्हणून माझी सूचना आपल्या महाविद्यालयापुढे ठेवते. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. तिच्यात शंभर स्वयंसेवकांमागे एक प्राध्यापक कार्यक्रमाधिकारी असतो आणि दोन वर्षांत विद्यार्थ्याने २४० तास काम करावे अशी अपेक्षा असते. आपण ते तास दरवर्षी झाडे लावण्यात आणि रस्ते झाडण्यात घालवतो. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यातले बारा तास असे ठेवता येतील का? लागोपाठ दोन रविवार, सहा-सहा तास. गावातल्या मंडळांचे, तालमींचे, वाचनालयांचे कार्यकर्ते महाविद्यालयात यावेत. प्रथमोपचार एखाद्या डॉक्टरांनी करून दाखवावा आणि प्रत्येकाने जमिनीवर बसून करून पाहावा. कायदा वकिलांनी सोप्या भाषेत सांगावा. खेळ कसा समजावून द्यावा हे शारीरिक शिक्षणाच्या सरांनी मैदानावर दाखवावे. हिशेब कसा ठेवावा ते आम्ही वाणिज्यचे विद्यार्थी शिकवू. सगळे दोन्ही भाषांत. या नियतकालिकाचे मराठी आणि कानडी विभाग एका मुखपृष्ठात नांदतात, तर दोन रविवार एका दालनात बसायला हरकत काय? भाषणे नकोत, हार नकोत. प्रमाणपत्र दिलेच तर वर्षभर काम केल्यानंतर द्यावे. खर्च म्हणाल तर ध्वनिवर्धकाच्या एका रात्रीच्या भाड्यात भागेल.

आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, हे ‘मोठ्या माणसांचे’ काम आहे म्हणून आपण बाजूला राहू नये. अठरा पूर्ण झाली की कायद्याने आपणही मोठेच. राजहंसगडावर त्या मुलाभोवती उभ्या असलेल्या तीन मोठ्या माणसांपैकी एक मी होते.

गेल्या महिन्यात मी आमच्या मंडळासाठी एक फॉर्म तयार केला. एका पानाचा, वर मराठी, खाली कानडी. चौथा प्रश्न आहे: मुलाला काही आजार आहे का? औषध चालू आहे का? पुढच्या बैठकीत तो ठेवणार आहे. हसले तर हसू देत. त्याची पहिली प्रत घेऊन आधी दादांकडे जाईन, आणि ते आले तर आम्ही दोघे मिळून त्या कानडी घरी जाऊ. या वेळी आम्ही विचारू.

— बी.कॉम., द्वितीय वर्ष